दुसऱ्याचं दुखणं पाठीवर: सावित्रीबाई फुले



आजचा श्लोक: गीता, अध्याय ६, श्लोक ३२. हा ध्यानाचा अध्याय. आसन कसं असावं, नजर कुठे ठेवावी, हे सगळं सांगून झाल्यावर भगवंत योग्याची खूण सांगतात. दुसऱ्याचं सुखदुःख ज्याला स्वतःचंच वाटतं, तो श्रेष्ठ योगी.

हा श्लोक आज सावित्रीबाई फुल्यांच्या आयुष्यासोबत वाचू या.

३ जानेवारी १८३१ ला सातारा जिल्ह्यातल्या नायगावात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच लग्न झालं, जोतीरावांनी शिकवलं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. इथपर्यंत आपल्याला पाठ असतं. शेवटची वर्षं मात्र आपण पटकन उरकतो.

१८९० मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. पुढे सत्यशोधक समाजाचं कामही थांबू दिलं नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. रोगाचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमुळे माणसात येतो, हे कळायला १८९८ उजाडलं. हाफकिन यांची लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत नुकती तयार झाली होती. म्हणजे रुग्णाजवळ जाणारा माणूस जवळजवळ काहीही संरक्षण नसताना जात होता.

सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. एका विधवेचं हे बाळ फुले दांपत्यानं आपलं मानून वाढवलं होतं. मायलेकांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात, वस्तीपासून दूर, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. रुग्णांना आणायला सावित्रीबाई स्वतः जायच्या. वय ६६!

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. त्याला शिवायचं नाही याची दोन कारणं समाजाकडे होती, एक रोगाचं आणि दुसरं जातीचं. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोरगा वाचला, असं सांगतात. त्यांना मात्र प्लेगनं गाठलं. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता आपल्यासाठी जरा अवघड भाग. जातीचा भेद धर्माच्या नावानं सांगणारे ग्रंथ सत्यशोधकांना मान्य नव्हते. त्यामुळे सावित्रीबाईंना आपल्या भक्तीच्या चौकटीत ओढून बसवणं बरोबर नाही. रोज पोथी उघडणाऱ्या आपणच त्यांच्यासमोर उभं राहायला हवं. श्लोक पाठ असून जर आपण त्या मुलाच्या दारावरून पुढे गेलो असतो, तर आपलं वाचन कुठवर पोचलं?

२०२० मध्ये आमच्या चिकलठाण्याच्या मिनी घाटीत कोविडचे रुग्ण यायचे. नातेवाईक बाहेर थांबायचे आणि सिस्टर आत जायच्या. तेव्हा आपण थाळ्या वाजवल्या. त्यातल्या किती जणींना नंतर कधी साधं विचारलं, की ताई, कशा आहात?

आजचा अभ्यास एवढाच: ओळखीतल्या एखाद्या नर्सला किंवा आशाताईला फोन करा. आपलं काही न सांगता त्यांचं ऐका.

उद्या श्लोक ३३, अर्जुनाची शंका. राम कृष्ण हरी!