आर्नोकाठची छत्री

कोल्हापुरास पंचगंगेच्या घाटावर राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. दगडी बांधणीची ती लहान लहान देवळेच म्हणावयाची. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे त्यांतील कित्येक पाण्यात बुडतात आणि पाणी ओसरले की पुन्हा वर दिसू लागतात. याच घराण्यातील एका तरुण छत्रपतींची चिता मात्र पंचगंगेच्या काठी पेटली नाही. ती पेटली हजारो मैलांवर, इटली देशातील फ्लॉरेन्स शहराजवळ, आर्नो नदीच्या तीरावर. त्या छत्रपतींचे नाव राजाराम महाराज.

या नावाचे पहिले छत्रपती म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र. त्यांनी १७०० साली सिंहगडावर देह ठेवला व तेथेच त्यांची समाधी आहे. त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला. ज्यांची ही हकीकत आहे ते राजाराम महाराज त्याच गादीवर पुढे दीडशे वर्षांनी आले. त्यांचा जन्म १८५० साली पाटणकर घराण्यात झाला. मूळचे नाव नागोजीराव. १८६६ साली छत्रपती शिवाजी महाराज, म्हणजे लोकांचे बाबासाहेब महाराज, मृत्युशय्येवर होते. त्यांना पुत्र नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या या भाच्याला दत्तक घेतले. सोळा वर्षांचा मुलगा एकाएकी राजा झाला.

वय लहान असल्याने राज्यकारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चाले. महाराजांचा बराचसा वेळ अभ्यासात जाई. त्यांनी इंग्रजी भाषा इतकी आत्मसात केली की पुढे प्रवासात ते आपली रोजनिशी त्याच भाषेत लिहू लागले.

१८७० साली त्यांनी युरोपास जाण्याचे ठरविले. आज ही गोष्ट कोणास विशेष वाटणार नाही. त्या काळी ती फार मोठी होती. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो अशी पुष्कळांची समजूत होती. कोल्हापुरास तेव्हा आगगाडीही आलेली नव्हती. ती आली १८९१ साली. अशा गावच्या वीस वर्षांच्या राजाने सातासमुद्रांपलीकडे जावे याला धाडसच हवे! महाराजांनी आपले सेवक बरोबर घेतले. कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारीही सोबत होते. महाराज इंग्लंडात पोचले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, तेथील संस्था त्यांनी पाहिल्या, आणि जे जे पाहिले ते रोजनिशीत टिपून ठेवले. कोल्हापूरच्या छत्रपतींपैकी परदेशी जाणारे ते पहिलेच.

नोव्हेंबरात परतीचा प्रवास सुरू झाला. त्या वर्षी फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले होते, त्यामुळे महाराज बेल्जियम व जर्मनी या मार्गाने इटलीकडे निघाले. थंडी वाढत होती आणि वाटेतच त्यांची प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्सला पोचल्यावर उपचार झाले. पण गुण आला नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचे तेथेच देहावसान झाले.

बरोबरच्या मंडळींवर आकाश कोसळले. दुःख करीत बसण्यासही सवड नव्हती, कारण अंत्यसंस्कार कोठे व कसे करावयाचे हा प्रश्न समोर उभा होता. फ्लॉरेन्स ही त्या वेळी इटलीची राजधानी होती. तेथे प्रेत पुरण्याची रीत. दहन कोणी पाहिलेले नव्हते. इटलीतील पहिले दहनगृह मिलान शहरात सुरू झाले तेही पुढे १८७६ साली. शिवाय मंडळींना दहनासाठी नदीचा संगम हवा होता. कोल्हापूरजवळ चिखली येथे पंचगंगेच्या प्रवाहांचा संगम आहे व त्याला लोक प्रयाग म्हणतात. परक्या मुलखात असा प्रयाग कोठून आणावा? शोध घेता कळले की शहराच्या पश्चिमेस, काशिने नावाच्या विस्तीर्ण उपवनाच्या टोकाशी, मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. शहराच्या अधिकाऱ्यांनी तेथे दहनाची परवानगी दिली. परधर्मी माणसांनी एका अपरिचित राजासाठी आपली रीत बाजूला ठेवली, हे विसरण्याजोगे नाही.

रात्रीच्या वेळी त्या संगमावर चिता रचली गेली. कडाक्याच्या थंडीतही शहरातील लोक तो विधी पाहण्यास जमले होते. महाराजांच्या सेवकांनी आपल्या धर्माप्रमाणे सारे संस्कार केले. नंतर अस्थी गोळा करून कलशात ठेवण्यात आल्या.

पुढे १८७४ साली त्याच जागी छत्री उभी राहिली. राजाचे स्मारक करण्याची रीत देशोदेशी वेगळी असते. इजिप्त देशात राजाचा देह मसाले लावून जपत व तो दगडी कोठडीत बंद करीत. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी खुफू राजासाठी बांधलेला गीझाचा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता. एवढा डोंगर रचला तो एका देहाला कोणी हात लावू नये म्हणून. तरीही चोरांनी तो लुटलाच! आपल्याकडील छत्रीत लपविण्यासारखे काही नसते. देह अग्नीच्या स्वाधीन झालेला असतो. खाली चौथरा, त्यावर खांब, खांबांवर घुमट आणि चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या, अशी तिची बांधणी असते. राजाच्या मस्तकावर जे छत्र धरीत, तेच येथे दगडाचे होते.

फ्लॉरेन्सच्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यविशारदाने केला. कोल्हापूरचा टाऊन हॉल व नवा राजवाडा हीही त्याचीच कामे. नक्षीदार छताखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. तो फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडविला. पुतळा पांढराफटक नाही. पागोटे, चेहरा, अलंकार या सर्वांना रंग दिलेले आहेत, त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास क्षणभर कोणी जिवंत माणूस बसला असल्याचा भास व्हावा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरलेले आहेत.

महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. कोल्हापुरातील राजाराम कॉलेज महाराजांचे नाव चालविते. फ्लॉरेन्सच्या लोकांना मात्र हे नाव उच्चारण्यास कठीण. ते त्या स्मारकाला हिंदी माणसाचे स्मारक एवढेच म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात तेथे आर्नोवर एक मोठा पूल बांधला गेला. नदीच्या दोन्ही तीरांवरची माणसे त्यावरून रोज येजा करतात. त्या पुलाचे नाव ‘इंडियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल.