गोऱ्यांना आपल्या गाण्यावर नाचवणाऱ्या अमेदे आर्डोईनला एक रुमाल महागात पडला, असं आजही सांगतात

हॉटेलच्या मेन्यूमध्ये केजन पोटॅटो हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. पण हे केजन म्हणजे नेमके कोण?

तर १७५५ पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या अकेडिया भागातून हजारो फ्रेंचभाषिकांना हाकलून लावलं. त्यातले बरेच जण पुढं अमेरिकेतल्या लुइझियानात स्थायिक झाले. अकेडियन शब्दाचा अपभ्रंश होत गेला आणि त्यांना केजन हे नाव पडलं. या गोऱ्या लोकांच्या संगीताचा पाया रचणाऱ्यांमध्ये मात्र एका काळ्या माणसाचं नाव येतं, अमेदे आर्डोईन.

अमेदेचा जन्म १८९८ चा. घरचे क्रिओल, म्हणजे फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय. शेतीत त्याचं मन कधीच रमलं नाही. अकॉर्डियन घ्यायचं आणि गावोगावच्या घरगुती नाचांमध्ये वाजवायचं, हेच त्याचं काम झालं. आवाज उंच आणि काळीज चिरणारा. गाण्यात विरह, एकटेपणा आणि सोडून गेलेली माणसं.

त्याला साथ मिळाली डेनिस मॅगी या गोऱ्या फिडलवादकाची. दोघंही वाट्यानं शेती करायचे. काळ्यागोऱ्यांच्या शाळासुद्धा वेगळ्या असण्याचा तो काळ, तरीही डिसेंबर १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला दोघांनी एकत्र रेकॉर्डिंग केलं. १९३४ पर्यंत अमेदेची ३४ गाणी रेकॉर्ड झाली.

गोऱ्यांच्या नाचात त्याला मागणी होती, पण ती फक्त वाजवण्यापुरती. बरोबरीनं वागायची मुभा नव्हती.

१९३९ च्या आसपास नेमकं तेच घडल्याचं सांगतात. एका नाचात तो घामाघूम झाला, तेव्हा एका गोऱ्या बाईनं त्याला घाम पुसायला रुमाल दिला. ते काहींना खपलं नाही. घरी परतताना त्याला गाठून बेदम मारलं, अंगावरून गाडी घातली. मॅगी मात्र वेगळंच सांगायचा. त्याच्या मते एका प्रतिस्पर्ध्यानं अमेदेवर विषप्रयोग केला होता.

खरं काहीही असो, अमेदे पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. १९४२ मध्ये पाइनविलच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला आणि तिथंच त्याला पुरण्यात आलं. कबरीवर साधं नावही नव्हतं.

त्याची गाणी मात्र थांबली नाहीत. पुढच्या पिढीतल्या आयरी लेज्यून या गोऱ्या केजन गायकानं ती उचलली आणि नव्यानं लोकांपर्यंत पोचवली. दुसरीकडे क्रिओल वादकांनी हाच वारसा झायडेको या संगीतप्रकारात नेला. आज दोन्ही समाज अमेदेला आपला मानतात.

कबर शोधूनही सापडली नाही. शेवटी २०१८ मध्ये लुइझियानातल्या ऑपेलूसस इथं त्याचा पुतळा उभारला गेला. आपल्या माणसाला निदान या रूपात तरी घरी आणायचं, हीच त्यामागची भावना होती.