बिडीची थोटकं, सोन्याचं कडं आणि हिशोबाची वही : मोहनदासने वाईट सवयी कशा सोडल्या?

चोरून बिड्या ओढणं, नोकराच्या खिशातले पैसे उचलणं, घरी खोटं बोलणं आणि भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरणं. ही यादी वाचून एखादा वाया गेलेला मुलगा डोळ्यासमोर येईल. पण हा मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

नोटेवरचा, चष्म्यातला आणि पंचा नेसलेला म्हातारा आपल्या इतका ओळखीचा आहे की तो जन्मतःच शिस्तीचा असेल असं वाटून जातं. प्रत्यक्षात तसं नव्हतं. ही माहितीसुद्धा त्यांच्या विरोधकांनी शोधून काढलेली नाही. 1925 पासून 'नवजीवन' या गुजराती साप्ताहिकात आत्मचरित्र छापून येऊ लागलं, तेव्हा गांधींनी स्वतःच हे सगळं लिहिलं.

सुरुवात झाली थोटकांपासून

2 ऑक्टोबर 1869 ला पोरबंदरमध्ये जन्मलेला मोहनदास पुढे राजकोटला शिकायला आला. वडील दिवाण, आई धार्मिक. मुलगा लाजाळू, चोर, भुतं आणि सापांना घाबरणारा. रात्री दिवा नसेल तर त्याला झोप यायची नाही.

बारा-तेरा वर्षांचा असताना नात्यातल्या एका मुलासोबत त्याला धूर काढायची हौस वाटू लागली. काका ओढून टाकायचे ती थोटकं हे दोघं उचलायचे. थोटकात धूर तो किती निघणार? मग बिड्या आणायला नोकराच्या खिशातले पैसे जाऊ लागले. मोठ्यांच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही, याचं दोघांना इतकं वाईट वाटलं की जीव द्यायचाही विचार झाला. ऐनवेळी भीती वाटली आणि दोघं मागे फिरले. त्यानंतर बिड्याही सुटल्या आणि नोकराचे पैसे चोरणंही थांबलं.

मग आला मित्र

हायस्कूलमध्ये असताना एक मित्र भेटला. धावण्यात, उड्या मारण्यात पटाईत आणि कशालाच न घाबरणारा. त्याचं म्हणणं होतं की इंग्रज मांस खातात म्हणून ताकदवान आहेत आणि आपल्यावर राज्य करतात. भित्र्या मोहनदासला हे पटलं.

घर कट्टर वैष्णव, त्यामुळे नदीकाठी एकांत शोधून पहिला बेत झाला. बकऱ्याचं मांस चामड्यासारखं लागलं. त्या रात्री पोटात बकरी ओरडतेय असं वाटून तो दचकून उठत राहिला. तरी वर्षभरात असे पाच-सहा बेत झालेच.

मांसाचा त्याला तितका त्रास झाला नाही, जितका खोटं बोलण्याचा झाला. बाहेर खाऊन आलं की घरी भूक नसते. आई विचारायची तेव्हा रोज नवं कारण द्यावं लागायचं. शेवटी त्याने ठरवलं की आई-वडील आहेत तोवर मांस बंद. मांस चांगलं की वाईट हा प्रश्न त्याने पुढे ढकलला, खोटं मात्र तिथल्या तिथे थांबवलं.

25 रुपयांचं कर्ज

सगळ्यात मोठी गोष्ट घडली पंधराव्या वर्षी. भावाच्या डोक्यावर 25 रुपयांचं कर्ज झालं होतं. भावाच्या हातात भरीव सोन्याचं कडं होतं. त्यातला तुकडा काढला गेला आणि कर्ज फिटलं. कुणाला पत्ताही लागला नाही.

मोहनदासला मात्र ते सहन होईना. वडिलांसमोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. त्यात चोरी कबूल केली, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याचं वचन दिलं आणि वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंतीही केली. वडील तेव्हा आजारी होते, लाकडी फळीवर झोपून असायचे. त्यांनी उठून चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. मग चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. ना मार, ना ओरडा.

मोहनदासला मारापेक्षा त्या शांततेची जास्त आठवण राहिली. 1885 मध्ये वडील गेले.

लंडनमध्ये नवी सवय : उधळपट्टी

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण सवयी अशा एका झटक्यात सुटत नाहीत. 4 सप्टेंबर 1888 ला मोहनदास मुंबईहून बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाला. जाण्याआधी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या साक्षीने आईला वचन दिलं होतं : दारू, परस्त्री आणि मांस यांपासून लांब राहीन.

वचन पाळलं, पण दुसरंच खूळ डोक्यात शिरलं. मांस खात नाही तर निदान रुबाबात तरी इंग्रजांसारखं दिसू, असं त्याला वाटलं. बाँड स्ट्रीटवर 10 पौंडांचा सूट शिवला. नाचाच्या क्लासला 3 पौंड भरले, 3 पौंडांचं व्हायोलिन घेतलं आणि भाषणाच्या शिकवणीला 1 गिनी दिली. टाय आणि भांग नीट करण्यात रोज दहा मिनिटं आरशासमोर जायची. पैसे भावाकडून येत होते.

साधारण तीन महिन्यांनी त्याने स्वतःलाच विचारलं, आपल्याला इंग्लंडमध्ये जन्म काढायचाय का? मग नाच आणि भाषणाचे क्लास बंद केले आणि व्हायोलिन विकायला काढलं.

वही आणि पाय

आता कामाला आली एक साधी वही. बसचं भाडं, टपाल, वर्तमानपत्र, सगळा खर्च मोहनदास लिहायचा आणि झोपण्याआधी हिशोब जुळवायचा. पैसा कुठे जातो ते दिसलं, तेव्हा खर्च निम्मा करायचं ठरलं.

त्याने दोन गोष्टी बदलल्या. आधी कामाच्या ठिकाणी चालत पोहोचता येईल अशी खोली घेतली. बसचे पैसे वाचले आणि दिवसाला आठ-दहा मैल चालणं होऊ लागलं. पुढे एकाच खोलीत राहून सकाळी ओट्सची लापशी आणि कोको स्वतः करायला सुरुवात केली. दिवसाचा जेवणखर्च सव्वा शिलिंगवर आला.

याच काळात त्याने लंडन मॅट्रिक दिली. पहिल्या वेळी लॅटिनमध्ये नापास, दुसऱ्या वेळी पास. 10 जून 1891 ला तो बॅरिस्टर झाला.

मांसाचंही असंच झालं. आईला दिलेल्या वचनामुळे उपाशी फिरणाऱ्या मोहनदासला एक शाकाहारी हॉटेल सापडलं. तिथेच विकत घेतलेलं हेन्री सॉल्ट यांचं पुस्तक वाचून त्याला शाकाहार स्वतःला पटला. जे आईसाठी चालू होतं, ते आता स्वतःसाठी झालं. त्यानंतर ते जड गेलं नाही.

जे जमलं नाही ते

वहीची सवय आयुष्यभर राहिली. पुढे चळवळींसाठी जमलेले लाखो रुपये हाताळताना तीच शिस्त कामी आली.

पण सगळंच सुधारलं असंही नाही. शाळेत असताना अक्षर चांगलं असायची काय गरज, असं मोहनदासला वाटायचं. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तरुणांची मोत्यासारखी अक्षरं पाहून त्यांना लाज वाटली. त्यांनी प्रयत्नही केला, पण उशीर झाला होता. गांधीजींचं अक्षर शेवटपर्यंत खराबच राहिलं. म्हणूनच लहान मुलांना आधी चित्रकला आणि मग अक्षरं शिकवावीत, असं ते सांगत राहिले.