पाटीवरचे गणित, शाईतले निष्कर्ष : श्रीनिवास रामानुजन

कुंभकोणम : तमिळनाडूतील या मंदिरनगरीत सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या सन्निधी रस्त्यावर एक बैठे, कौलारू घर आहे. रस्त्याला लागून त्याचा ओटा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या ओट्यावर मांडी घालून, मांडीवर मोठी पाटी घेऊन एक तरुण तासन् तास आकडेमोड करीत बसलेला येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसे. पाटी भरली की तो फडके शोधत नसे, कोपराने लिहिलेले पुसून पुढे लिहू लागे. कोपराने पुसलेल्या त्या गणिताचा माग काढण्यात पुढे जगातील अनेक गणितज्ञांची कित्येक वर्षे गेली. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

कुंभकोणम मराठी वाचकाला अगदीच परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापन केलेल्या तंजावरच्या मराठी राज्याच्या मुलखातले हे गाव. ते राज्य 1855 मध्ये खालसा झाले, तरी मराठी बोलणारी घराणी या परिसरात टिकून राहिली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 मध्ये याच गावी झाला. कावेरीकाठच्या या गावातील सरकारी महाविद्यालयाला तेव्हा दक्षिणेचे केंब्रिज म्हणत. विद्येचा मान मोठा होता. पण रामानुजन यांच्या घरात पैसा नव्हता.

त्यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 रोजी इरोड येथे आजोळी झाला. वडील के. श्रीनिवास अय्यंगार कुंभकोणमला एका कापडाच्या दुकानात कारकून होते. मिळकत महिन्याला सुमारे 20 रुपये. आई कोमलताम्मल मंदिरात भजने गात. संसाराला हातभार म्हणून घरात विद्यार्थी जेवणाराहण्यासाठी ठेवले जात. अशा घरात गणिताला लागणारा कागद ही चैनच होती.

टाउन हायस्कूलमध्ये रामानुजन यांची बुद्धी लवकरच सर्वांच्या लक्षात आली. लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्यांनी तेराव्या वर्षाच्या सुमारास आत्मसात केले. 1903 च्या सुमारास त्यांच्या हाती जी. एस. कार यांचा ग्रंथ पडला. इंग्लंडात परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या या संकलनात सुमारे पाच हजार निष्कर्ष क्रमाने मांडले आहेत. सिद्धता असल्याच तर एखाद्या सूचनेपुरत्या. दुसऱ्या कोणाला हा ग्रंथ रुक्ष वाटला असता. रामानुजन यांनी त्यातला प्रत्येक निष्कर्ष स्वतः पाटीवर सोडवून पाहिला. निष्कर्ष लिहावा आणि वाट मनात ठेवावी, ही सवय त्यांना याच पुस्तकाने लावली. तिला दारिद्र्याने बळकटी दिली.

हिशेब सरळ होता. आपल्याला महिन्याला चार रीम कागद लागेल, असे त्यांनी एका मित्राला सांगितल्याची आठवण नोंदलेली आहे. म्हणजे जवळपास दोन हजार ताव. पोटाची भ्रांत असलेल्या माणसाने एवढा कागद आणायचा कोठून? म्हणून आकडेमोड पाटीवर होई. तीतून निघालेले सूत्र तेवढे वहीत शाईने उतरे. कागद हाती आलाच, तर निळ्या शाईच्या लिखाणावर पुन्हा लाल शाईने लिहून एकाच तावाचे दोन ताव केले जात. पहिल्या वहीची शाई हिरवी, काहीशी विचित्र छटेची आहे. त्या वहीत त्यांनी आधी पानांच्या एकाच बाजूला नीटनेटके लिहिले. पुढे जागा अपुरी पडली तेव्हा कोऱ्या राहिलेल्या मागच्या बाजूही भरल्या.

लेखनसाधनांच्या इतिहासात हा काळ मोठ्या उलथापालथीचा होता. रामानुजन यांच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, 1884 मध्ये, न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी फाउंटन पेनचे पेटंट मिळवले. निबेखालच्या जिभेत कोरलेल्या बारीक चिरांमधून शाई केशाकर्षणाने टोकाकडे उतरते आणि तिच्या जागी तितकीच हवा आत जाते, हे त्यातले मर्म. त्यामुळे शाई ना अडे, ना एकदम सांडे. दर दोन शब्दांनी टाक दौतीत बुडवण्याचा ताप संपला, पण शाई भरण्याचा उरला. पेनची नळी उघडायची, ड्रॉपरने थेंब थेंब शाई सोडायची आणि बोटे व कपडे सांभाळायचे.

त्यावर उपाय म्हणून स्वतःची शाई स्वतः ओढून घेणारे पेन आले. अमेरिकेत कॉन्क्लिन यांनी पेनच्या आत रबरी पिशवी बसवली आणि ती दाबण्यासाठी बाहेर चंद्रकोरीसारखी धातूची कड ठेवली. लंडनच्या डी ला रू कंपनीने 1905 मध्ये ओनोटो हे पेन आणले. त्यात दट्ट्या आत ढकलला की त्याच्या मागे निर्वात पोकळी तयार होई. दट्ट्या नळीच्या रुंद भागात पोहोचताच शाई झपाट्याने वर चढे. आयोवातील जवाहीर वॉल्टर शेफर यांनी 1908 मध्ये तरफेच्या पेनचे पेटंट घेतले. पेनच्या अंगातच बसणारी एक छोटी तरफ उचलली की आतली पट्टी रबरी पिशवीला दाबते आणि पिशवीतली हवा बाहेर पडते. निब दौतीत बुडवून तरफ सोडली की पिशवी पुन्हा फुगू लागते, तिच्यातला दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब शाईला आत लोटतो. तरफ उचलण्यापलीकडे लिहिणाऱ्याला काही करावे लागत नाही.

या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच होता : लिहिणाऱ्याचा हात थांबू नये. कुंभकोणमच्या ओट्यावर हेच काम पाटी आणि पेन्सिल करीत होती. तिथे शाई भरावी लागत नव्हती, वाळण्याची वाट पाहावी लागत नव्हती, कागद संपत नव्हता. विचाराच्या वेगाने हात चाले. मात्र त्या वेगाची किंमत कोपर वसूल करीत असे.

किंमत आणखीही होती. 1904 मध्ये शाळेत गणिताचे पारितोषिक मिळवून, शिष्यवृत्तीसह महाविद्यालयात गेलेले रामानुजन गणिताखेरीज काही वाचेनात. शिष्यवृत्ती गेली. 1905 मध्ये ते घरातून निघून विशाखापट्टणमला गेले. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातही एफ. ए.च्या परीक्षेत त्यांना अपयश आले. पदवी नाही, नोकरी नाही. 1909 मध्ये दहा वर्षांच्या जानकीशी त्यांचा विवाह झाला आणि संसाराचा भार डोक्यावर आला. तेव्हा त्यांच्याजवळ दाखवण्यासारखे काही होते ते म्हणजे शाईने भरलेल्या वह्या. त्या घेऊन ते दारोदार हिंडू लागले.

1910 मध्ये तिरुकोइलूर येथे ते व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटले. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर होते आणि 1907 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे संस्थापकही. या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर र. पु. परांजपे यांचे ते महाविद्यालय. वही चाळल्यावर अय्यर यांनी या माणसाला तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून डांबण्याचे नाकारले आणि मद्रासच्या गणितज्ञांकडे पाठवले. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ महिना 25 रुपये दिले. परिषदेच्या नियतकालिकात 1911 मध्ये रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध आला. त्याच वर्षी त्यांनी वाचकांपुढे वर्गमुळात वर्गमूळ असे अनंतापर्यंत गुंफलेले एक कोडे ठेवले. कोणाकडूनच उत्तर येईना, तेव्हा ते त्यांनीच दिले. उत्तर होते केवळ 3.

1 मार्च 1912 रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबनीस कारकून म्हणून त्यांना महिना 30 रुपयांची नोकरी लागली. बंदरात उतरलेल्या मालाच्या वेष्टनाचे कागद ते गणितासाठी गोळा करीत. तिथले मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. रात्री दोघे आपापली पाटी घेऊन बसत. एका पायरीवरून एकदम दहाव्या पायरीवर उडी घेणाऱ्या रामानुजन यांच्या मागे धावताना अय्यर यांची दमछाक होई. मधल्या पायऱ्या लिहा, म्हणजे इतरांना कळेल, असा त्यांचा आग्रह असे. हेच गाऱ्हाणे पुढे केंब्रिजहूनही आले.

16 जानेवारी 1913 रोजी रामानुजन यांनी केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. सोबत सूत्रांनी भरलेली पाने होती. सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. हार्डी यांनी जे. ई. लिटलवुड यांच्यासह ती पाने तपासली आणि आपण पहिल्या प्रतीच्या गणितज्ञाचे काम पाहत आहोत, असा निर्वाळा दिला. त्याच वेळी त्यांनी सिद्धता मागितल्या. पुसलेल्या पाटीवरचे आता परत कसे आणायचे? रामानुजन यांना मात्र त्यात वावगे काही दिसत नव्हते. निष्कर्ष बरोबर असेल तर तो स्वतःच साक्ष देईल, अशी त्यांची धारणा असावी. याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली. शेफर यांची पेन कंपनी स्थापन झाली तेही हेच 1913 साल.

17 मार्च 1914 रोजी ते नेवासा या जहाजाने इंग्लंडला निघाले. ट्रिनिटी महाविद्यालयात कागद आणि शाईची ददात नव्हती. सिद्धतेची आधुनिक शिस्त ते हार्डी यांच्याकडून शिकले. पूर्णांकांच्या विभाजनांवरचे दोघांचे काम या काळाचे सर्वांत भक्कम फळ होय. 4 ही संख्या बेरजेच्या रूपाने पाच प्रकारांनी लिहिता येते. 200 ही संख्या किती प्रकारांनी? मेजर मॅकमहॉन यांनी हाताने आकडेमोड करून उत्तर काढले : 39,72,99,90,29,388. हार्डी आणि रामानुजन यांचे सूत्र या आकड्याला अचूक जुळले.

पहिल्या महायुद्धाचे दिवस, थंडी, शाकाहारी माणसाच्या जेवणाचे हाल आणि एकटेपणा यांनी प्रकृती ढासळली. 1917 पासून त्यांचे दिवस बव्हंशी रुग्णालयांत आणि आरोग्यधामांत गेले. 1729 या टॅक्सीच्या क्रमांकाची सर्वश्रुत हकीकत याच आजारपणातली. 1918 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले; त्यांच्या आधी हा मान मिळालेले एकमेव भारतीय म्हणजे मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी, तेही 1841 मध्ये. त्याच वर्षी ट्रिनिटीनेही त्यांना फेलो केले.

27 मार्च 1919 रोजी नागोया जहाजाने ते मुंबईला उतरले तेव्हा खंगलेले होते. मद्रास, कोडुमुडी, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास असे वर्ष गेले. अंथरुणावर पडूनही लेखन थांबले नव्हते. 12 जानेवारी 1920 रोजी हार्डी यांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी मॉक थीटा फलने या सर्वस्वी नव्या कल्पनेची माहिती दिली. 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासच्या चेतपेट भागात, वयाच्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

यानंतरचा इतिहास कागदांचा आहे. शेवटच्या वर्षातील सुटी पाने विद्यापीठामार्फत हार्डी यांच्याकडे गेली आणि पुढे जी. एन. वॉटसन यांच्याकडे पोहोचली. वॉटसन यांच्या मृत्यूनंतर ती ट्रिनिटीच्या ग्रंथालयात पडून होती. 1976 मध्ये अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांच्या ती नजरेस आली. हरवलेली वही या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या बाडात सहाशेहून अधिक सूत्रे आहेत आणि सिद्धता अगदी थोड्या. आधीच्या तीन वह्यांची छायाचित्रित आवृत्ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1957 मध्ये दोन खंडांत काढली होती. पाटीवरून पुसल्या गेलेल्या वाटा नव्याने बांधण्याचे काम ब्रूस बर्न्ट यांनी हाती घेतले. वह्यांतील सूत्रांच्या सिद्धतांचे त्यांचे पाच खंड 1985 ते 1998 या काळात प्रसिद्ध झाले. हरवलेल्या वहीसाठी अँड्र्यूज यांच्यासह आणखी पाच खंड लागले, त्यातला शेवटचा 2018 मध्ये आला. सूत्रांपैकी फारच थोडी चुकीची निघाली.

रामानुजन यांचा जन्मदिवस आता राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. सन्निधी रस्त्यावरचे घर शास्त्र विद्यापीठाने 2003 मध्ये विकत घेऊन जपले आहे. रस्त्याकडेचा ओटा तसाच आहे. 1957 च्या आवृत्तीत वह्यांची पाने काळी-पांढरी छापली गेली होती. जन्माच्या 125 व्या वर्षानिमित्त टाटा संस्थेने ती रंगीत स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध केली आणि पहिल्या वहीतली हिरवी शाई वाचकांना पाहायला मिळाली.