निंबाळचे गुरुदेव : प्रा. रा. द. रानडे

यंदाच्या स्मरणिकेसाठी रानड्यांवर लिहितो, असे मी कार्यकारिणीच्या बैठकीत म्हणालो, तेव्हा बहुतेकांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडेच आठवले. त्यांचा दोष नाही. आपण शाळेत तेवढेच रानडे शिकलो. मला लिहायचे आहे ते रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांच्याविषयी. ते जन्मले आपल्या कर्नाटकातल्या जमखंडीत, प्राध्यापक झाले पुण्यात आणि अलाहाबादेत, आणि देह ठेवला विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळला. हूटगळ्ळीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते अधिक जवळचे वाटावेत.

निमित्त झाले ते आपल्याच उत्सवातल्या एका प्रश्नाचे. काही वर्षांपूर्वी आरतीनंतर आपण तुकोबांचे अभंग म्हणत होतो. कारखान्यात माझ्याबरोबर पंधरा वर्षे काम केलेले एक कन्नड सहकारी प्रसादाला आले होते. अभंगाचा अर्थ मी त्यांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितला. त्यांनी सरळ विचारले, तुमच्या तुकारामांना देव खरोखर दिसला होता, की ही कवीची बोलण्याची रीत आहे? मला उत्तर देता आले नाही. कॉलेजात मी शिकलो होतो ते असे, की संत हे समाजसुधारक, त्यांची भाषा रसाळ, उपमा घरगुती. देव दिसला की नाही, हा प्रश्न परीक्षेला कधी आलाच नाही!

रानड्यांनी आयुष्यभर नेमका हाच प्रश्न धरून ठेवला होता.

त्यांचा जन्म ३ जुलै १८८६ चा. शालेय शिक्षण जमखंडी संस्थानात झाले. शाळेत असतानाच, १९०१ साली, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. उमदी आज सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात आहे, पण तिथली निम्मी बोली कन्नडच. या परंपरेचे मूळ पाहिले की मला फार नवल वाटते. भाऊसाहेबांचे परमगुरू निंबर्गी महाराज हे लिंगायत, बोध करायचे कन्नडमध्ये. भाऊसाहेब ब्राह्मण देशपांडे. आणि त्यांनी इंचगेरीला जो मठ उभारला तिथे रोजच्या नेमात वाचला जातो तो समर्थांचा मराठी दासबोध. आज सीमाप्रश्नावर आपण तावातावाने बोलतो. त्याच पट्ट्यात ही माणसे दोन भाषा आणि दोन पंथ एका आसनावर घेऊन बसली होती.

पुढे डेक्कन कॉलेज, १९१४ साली एम.ए., मग फर्ग्युसनमध्ये अध्यापन. ग्रीक तत्त्वज्ञांवर त्यांनी निबंध लिहिले. तरुणपणीच मोठे आजारपण आले, घरातले मृत्यूही पाहावे लागले. प्रकृती कायमची नाजूक राहिली, पण नाम सुटले नाही. १९२४ च्या सुमारास पुणे सोडून ते निंबाळला राहू लागले. उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्ये निघाला आणि त्यांचे नाव विद्वानांत पसरले. १९२७ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञान विभागासाठी बोलावले. तिथे ते विभागप्रमुख झाले, काही काळ कुलगुरूही होते, आणि १९४६ ला निवृत्त झाले. हा सगळा तपशील मी भराभर सांगतो आहे, कारण खरी गोष्ट वेगळीच आहे.

ती आहे १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या ग्रंथाची. इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेल्यांनी घाबरू नये. त्याआधी त्यांनी ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची निवडक वचने ‘वचनामृत’ नावाने मराठीत काढली होती. ग्रंथाचा पाया तोच आहे.

त्या काळी संतांकडे पाहण्याच्या दोन-तीन ठरलेल्या रीती होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मधल्या आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासात संतांची चळवळ युरोपातल्या धर्मसुधारणेशेजारी ठेवली. प्रार्थना समाजाला तुकोबांत एकेश्वरवादी भक्त दिसला. इतिहासाचार्य राजवाड्यांना वारकरी संतांमुळे समाज निष्क्रिय झाला असे वाटले, त्यांना समर्थ प्रिय. प्रत्येकाने आपल्याला हवा तो देव संतांच्या हाती दिला, असे म्हटले तरी चालेल. निंबाळच्या रानड्यांनी मात्र संतांचे शब्द साक्षीदाराच्या जबानीसारखे वाचले. संत म्हणतो मला प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, तर तो अलंकार न समजता आधी अनुभव समजा, मग तो तपासा. तपासायचा कसा? असा अनुभव निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळी लोकांना येतो का. त्याने माणसाची बुद्धी, भावना आणि नीती वर चढते का. प्लोटायनस, स्पेनचा सेंट जॉन यांची वचने ते ज्ञानदेव-तुकोबांशेजारी मांडतात ती याचसाठी.

प्रत्येक संताची जातकुळीही त्यांनी वेगळी लावली. ज्ञानेश्वरांचा अनुभव बुद्धीच्या वाटेचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा अगदी व्यक्तिगत, समर्थांचा कर्मप्रधान. नामदेव आणि त्यांच्यासोबतचे गोरा, सावता, चोखा यांच्यासाठी त्यांनी लोकशाही हा शब्द वापरला. विठ्ठलापुढे कुंभार, माळी, महार एकाच अनुभवाची भाषा बोलतात, हे त्यांना त्यातून म्हणायचे होते.

तुकोबांवरचे प्रकरण मी तीनदा वाचले. सेंट जॉनने जिला आत्म्याची काळी रात्र म्हटले, ती रानड्यांना तुकोबांत सापडते : देव हाक देत नाही, जग तोडायला उठते, आपल्याच मनाची लाज वाटते. आणि मग उजाडते. माझी आई गेली त्या वर्षी वडिलांची जुनी गाथा उघडून बसलो की मला एकही ओळ पुढे नेत नसे, सगळे कोरडे वाटे. या प्रकरणाने मला धीर दिला तो असा, की कोरडेपणा हा देव नसल्याचा पुरावा नव्हे, वाटेतला एक मुक्काम असू शकतो. हे मी खोटे सांगत नाही.

तरी एक गोष्ट खटकते, ती लिहिलीच पाहिजे. गाथेतले अभंग कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायला आपल्याकडे खात्रीचे साधन नाही. तळमळ आधी, अंधार मग, दर्शन शेवटी, ही चढण रानड्यांनी रचली. साधकाच्या वाटेवर त्यांची श्रद्धा होती, म्हणून त्यांना गाथेत ती वाट दिसली. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, कुणब्याच्या घरात दिवाळे निघाले, हे या मांडणीत पायथ्याशी राहते. चोखोबांची वेदनाही शेवटी अनुभवाच्या उजेडात विरते. गं. बा. सरदारांनी १९५० मध्ये संतवाङ्मयाच्या सामाजिक फलश्रुतीवर पुस्तक लिहिले, ते वाचले की ही उणीव लगेच कळते. मी दोन्ही पुस्तके एकाच फळीवर ठेवली आहेत. दोघांचे भांडण मला अजून मिटवता आलेले नाही.

पण रानड्यांच्या रीतीने एक दार उघडले, जे दुसऱ्या कुठल्या रीतीने उघडले नसते. देव ही पंथाची मालमत्ता नसून अनुभवाची गोष्ट असेल, तर भाषा बदलली म्हणून वाट बदलत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी हिंदी संतांवर १९५४ मध्ये ग्रंथ काढला, आणि कन्नड साहित्यातल्या परमार्थमार्गावरची त्यांची व्याख्याने त्यांच्या पश्चात १९६० मध्ये छापली गेली. त्यात बसवेश्वर, अक्कमहादेवी, पुरंदरदास हे तुकोबांचे सोबती होऊन येतात. (पुरंदरदास मूळचे आपल्या पुरंदरचे, असे परंपरा सांगते. आमचे शिमोग्याचे मित्र ते तीर्थहळ्ळीचे होते असे सांगतात. गणपतीत हा वाद नको!) कन्नड शरणांचा ‘अनुभाव’ आणि मराठी संतांचा ‘अनुभव’ हे शब्द इतके जवळचे आहेत, हे मला तीस वर्षे म्हैसुरात राहूनही रानड्यांमुळेच कळले.

त्या सहकाऱ्यांना मी हे सगळे नंतर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, मग आमच्या अक्कालाही दिसला असेल तर तो तुमच्या विठोबासारखा होता की आमच्या मल्लिकार्जुनासारखा? रानड्यांचे उत्तर मला ठाऊक आहे. माझे स्वतःचे अजून ठरायचे आहे. ते आता निवृत्त होऊन गावी गेले, पण गणपतीत फोन येतो आणि प्रश्न तिथूनच पुढे सुरू होतो.

रानड्यांनी ६ जून १९५७ रोजी निंबाळला देह ठेवला. म्हैसूरहून पंढरपूरला जाणारी आपली गोलगुंबज एक्सप्रेस विजापूर सोडल्यावर त्याच निंबाळ स्टेशनावरून जाते. आश्रम स्टेशनापासून जवळच आहे. आषाढीला या गाडीने जाणाऱ्या मंडळींनी विजापूरनंतर जरा जागे राहावे.