हॅमिल्टन आणि न फुटणारी संख्या

आयर्लंडमधल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी, तो शिकत असलेल्या भाषांची यादी एका पत्रात दिली. तीत मराठीचे नाव होते. त्या वेळी पुण्यात अजून पेशवाई होती.

मुलाचे नाव विल्यम रोवन हॅमिल्टन. जन्म डब्लिनचा, ४ ऑगस्ट १८०५ चा. वाढला मात्र ट्रिम गावी, पाद्री काकांकडे. काकांनी ग्रीक, हिब्रू, संस्कृत, फारसी असा सपाटाच लावला होता. बापाच्या कौतुकातून थोडे वजा करावे लागते हे आम्ही जाणतो. तरी आपल्या भाषेचे नाव वाचून बरे वाटलेच.

गणिताची गोडी वाढली ती एका पराभवामुळे. १८१३ साली झेरा कोलबर्न हा अमेरिकन मुलगा डब्लिनला आला. ४२९४९६७२९७ ही संख्या फर्माला मूळ, म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी, वाटली होती. तिला ६४१ ने भाग जातो हे ऑयलरने १७३२ साली दाखवले. कोलबर्नने तोच भाजक म्हणे मनातल्या मनात काढला! अशा मुलापुढे तोंडी हिशेबात हॅमिल्टन हरला.

पुढे १८२७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, तो ट्रिनिटी कॉलेजात खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि डन्सिंक वेधशाळेत राहू लागला. तीन भागांच्या संख्यांचा गुणाकार कसा करावा, या प्रश्नाने त्याला वर्षानुवर्षे पछाडले. १८४३ च्या ऑक्टोबरात मुले न्याहारीला रोज तेच विचारीत आणि बाप खिन्नपणे मान हलवी. १६ तारखेला पत्नीबरोबर रॉयल कालव्याच्या काठाने जाताना उत्तर सुचले. भाग तीन नव्हे, चार हवेत. आणि गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येते, हा नियम सोडावा लागेल. ब्रूम पुलाच्या दगडावर त्याने चाकूने सूत्र कोरले. शाळेत पहिल्या वर्षी घोकलेला नियम सोडायचा, ही हिंमत आम्हांला बुद्धीपेक्षाही मोठी वाटते.

या संख्यांची करामत पाहा. २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ साली सिद्ध केले. साध्या पूर्णांकांत ती फुटत नाही. पण ४६३३९, ४२५, १० आणि १ हे चार भाग घेऊन हॅमिल्टनची संख्या करा. शेवटच्या तीन भागांची चिन्हे बदलून दुसरी करा. दोहोंचा गुणाकार नेमका तेवढाच येतो, कारण या चौघांच्या वर्गांची बेरीज तितकीच भरते. शंका असेल त्याने कागद-पेन्सिल घ्यावी. इथे तीन वर्ग पुरत नाहीत. आणि चारांहून अधिक कोणत्याच संख्येला लागत नाहीत, हे लाग्रांजने १७७० मध्ये दाखवले होते. तेव्हा मूळ संख्या कितीही मोठी असो, हॅमिल्टनच्या घरी ती फुटतेच.

२ सप्टेंबर १८६५ रोजी तो वारला. पुलावरचे सूत्र काळाने पुसले. १९५८ साली डी व्हॅलेरा यांच्या हस्ते तिथे फलक लागला. ते स्वतः एके काळचे गणिताचे शिक्षक. १९९० पासून दर १६ ऑक्टोबरला गणिताची मंडळी डन्सिंकहून त्या पुलापर्यंत चालत जातात. छोटी वारीच म्हणा ना.