मोजणीवर विश्वास ठेवणारा संशोधक

ठाणे, प्रतिनिधी – नौपाड्यातून रोज लोकलने परळला जाणाऱ्यांना हाफकिन संस्थेचे नाव अपरिचित नाही. ते ज्यांच्यावरून पडले, त्या वॉल्डेमार हाफकिन यांची जीवनकहाणी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते ग्रंथपाल म्हणून दाखल झाले. तेथेच त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत काम करून त्यांनी काही महिन्यांतच लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचाही पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली.

लस टोचलेले जगले, एवढ्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. स्वखुशीने टोचून घेणारा आणि नकार देणारा यांच्या प्रकृतीत व राहणीत मुळातच फरक असू शकतो. यावरचा तोडगा १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावात दिसला. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या व्यक्तींना लस देण्यात आली. घर, अन्न व धोका सर्वांना सारखाच. पुढे प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले आणि ३ मृत्युमुखी पडले. आजार आणि मृत्यू या दोन्हींची स्वतंत्र मोजणी झाल्यामुळेच लस प्लेगला अडवते आणि त्याची धारही बोथट करते, हे उमगले.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली. परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली गावातच उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुराव्यांतून पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. तोवर उमेदीची वर्षे मात्र निघून गेली होती.

आज हृदयविकाराच्या दोन उपचारांची तुलना करतानाही हाच प्रश्न उभा राहतो. रुग्ण वारंवार इस्पितळात दाखल होतो. पण जो लवकर मरण पावतो, त्याच्या खेपा आपोआप कमी भरतात. केवळ खेपा मोजल्या, तर घातक उपचारही गुणकारी भासू शकतो. म्हणूनच संख्याशास्त्रज्ञ खेपा आणि मृत्यू यांचा हिशेब एकत्र मांडतात.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. एका बाटलीने त्यांची कारकीर्द झाकोळली. उंढेऱ्याचे आकडे मात्र आजही त्यांच्या बाजूने साक्ष देतात.